रंगाच्या आधी कागद, कागदाच्या आधी नणंद

वाचकाचं पत्र : आमचं शुक्रवार पेठेत जुनं कौलारू घर आहे. सासऱ्यांनी १९७४ साली स्वतःच्या पगारातून घेतलेलं. ते २०१६ ला गेले. मुलगा पुण्यात, मुलगी लग्न होऊन बेळगावला. आता मी, हे आणि सासूबाई (वय ८१) असे तिघंच राहतो. ह्यांना माडीचा जिना झेपत नाही, म्हणून आर. के. नगरला तळमजल्याचा फ्लॅट बघितलाय आणि हे घर विकायचं चाललंय. शेजारी म्हणतात, दसरा-दिवाळीत काढा, सणाचं गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं. एजंट म्हणतो, नवरात्राआधी सगळं घर रंगवून घ्या. दीड लाखाचं कोटेशन आलंय. धाकटे दीर मुंबईला असतात, नणंद गडहिंग्लजला दिलीय. २०१९ ला आणि २०२१ ला सोप्यात पुराचं पाणी आलं होतं, ते सांगायचं की नाही? सासूबाईंचं एकच म्हणणं आहे, यंदाची दिवाळी ह्याच घरात. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

ताई,

पत्रात तुम्ही रंगाबद्दल दोन वाक्यं लिहिलीत आणि नणंदेबद्दल अर्धं. काम मात्र नेमकं उलटं आहे, म्हणून मी नणंदेपासून सुरुवात करते.

त्याआधी शेजाऱ्यांच्या बोलण्याचा निकाल लावू. सणाला गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, ही समजूत अर्धी खरी आहे. दसरा आणि पाडवा साडेतीन मुहूर्तांतले. घर बघायला म्हणून माणसं ह्याच दिवसांत बाहेर पडतात, बोनस हातात असतो, पुण्या-मुंबईची पोरं गावी आलेली असतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातली 'हो' म्हणणारी सगळी माणसं एका वेळी एका ठिकाणी सापडतात. एरवी महिनाभर 'दादा आल्यावर बघू' चालतं, ते दिवाळीत एका दुपारीत मिटतं. सणाचा फायदा एवढाच, की निर्णय लवकर होतो. भाव वाढत नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे जागेचा सरकारी दर बदललाच तर १ एप्रिलला बदलतो, त्याला दसऱ्याचं सोयरसुतक नाही. आणि ह्याच दिवसांत बिल्डरांच्या जाहिरातींनी पेपरची पानं भरलेली असतात, कुणी मॉड्युलर किचन फुकट देतं तर कुणी नोंदणीचा खर्च स्वतः उचलतं. त्या झगमगाटाशी तुमच्या कौलारू घरानं रंग लावून स्पर्धा करायची म्हटलं तर ते हरणारच. तुमच्याकडं पेठेतली जागा आहे आणि अंबाबाईचं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कागद स्वच्छ असले तर गिऱ्हाईक त्यासाठी येईल.

आता कागद. घर सासऱ्यांचं स्वकष्टार्जित, आणि मृत्युपत्राचा उल्लेख पत्रात नाही, म्हणजे ते नसावं असं धरून चालते. तसं असेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासूबाई, तुमचे यजमान, दीर आणि नणंद असे चौघं सारख्या वाट्याचे मालक आहेत. प्रत्येकाचा पाव हिस्सा. 'नणंदेचं लग्नात सगळं केलं, तिचं काय राहिलंय' हे वाक्य आपल्याकडं फार ऐकू येतं. नोंदणी कार्यालयात त्याला काडीची किंमत नाही. गिऱ्हाइकाचा वकील पहिल्या दिवशी प्रॉपर्टी कार्ड मागेल आणि त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव असेल, तर तिथंच गाडी अडते. मग 'वारस नोंद करून घ्या, मग बोलू' असं होतं, आणि तोवर दिवाळी सरलेली असते.

म्हणून ह्याच आठवड्यात प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा. सासऱ्यांचं नाव असेल तर नगर भूमापन कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून वारस नोंदीचा अर्ज द्या. नोटीस आणि हरकतीची मुदत त्यात असतेच, हे काम दोन दिवसांत होत नाही. सोबत महापालिकेतला घरफाळा कुणाच्या नावावर आहे ते बघा, थकबाकी असेल तर भरून पावती घ्या. पाणीपट्टी आणि लाइट बिलाचंही तेच. १९७४ चं मूळ खरेदीपत्र आणि माडी बांधताना काढलेला परवाना, नकाशा असं काही असलं तर ते ट्रंकेत, देवघरामागच्या फडताळात, जिथं असेल तिथून आजच शोधा. बँकेचं कर्ज काढून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची बँक मंजूर नकाशा मागते. जुन्या पेठांतल्या निम्म्या घरांत तो सापडत नाही आणि गिऱ्हाईक तिथून हळूच पाय काढतं. तुमच्याकडं सापडला, तर दीड लाखाच्या रंगानं जे होणार नाही ते त्या पिवळ्या पडलेल्या कागदानं होईल.

नणंदेचं असं, की तिला दोन वाटा आहेत. खरेदीपत्रावर ती स्वतः सही करील आणि पाव हिस्सा घेईल. किंवा आपला हक्क आपण होऊन सोडील. तसं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं, घरगुती स्टॅम्पपेपरवर लिहून चालत नाही. यांतलं काय करायचं ते तिचं तिनं ठरवायचं. तुम्ही किंवा दिरांनी तिच्या वतीनं ठरवू नये. आणि एक विनंती, भाऊबीजेच्या दिवशी हा विषय काढू नका. ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवलेली घरं ह्या सदराला पत्रं पाठवतात, फक्त दोन-तीन वर्षांनी आणि वेगळ्या प्रश्नासाठी. यजमानांना आत्ताच गडहिंग्लजला पाठवा. फोनवर नको. समोर बसून, जावयांच्या देखत, किती किंमत येईल असं वाटतं आणि तिचा हिस्सा किती होईल हे आकड्यात सांगू द्या. मोकळेपणानं सांगितलेला आकडा बहिणीला पैशापेक्षा मोठा वाटतो, आणि तिला आकडा लपवल्याचं कळलं तर पैसे देऊनही राग जात नाही.

(कायद्यानं ह्या घराच्या मालकांत तुमचं नाव कुठंच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तरी पत्र तुम्ही लिहिलंत, कागद तुम्ही शोधणार, ओल तुम्ही पुसणार. त्याचं काय, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण नवा फ्लॅट घेताना खरेदीदार म्हणून तुमचं नाव घालायला सांगा. निवासी जागा फक्त बाईच्या नावावर घेतली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तेव्हा यजमानांना पटवायला हिशेबाचं कारणही तयार आहे.)

गणपती गेले, आता पितृपंधरवडा सुरू होईल. म्हाळाचे दिवस म्हणून ह्या काळात कुणी घर बघायला येत नाही, आणि आलं तरी इसाराचं बोलत नाही. विकणाऱ्यासाठी वर्षातला सगळ्यात उपयोगी पंधरवडा हाच. सरकारी कचेऱ्या उघड्या असतात, गवंडी-सुतार मोकळे असतात. कागदाची पळापळ आणि घराची डागडुजी ह्यात उरका. घटस्थापनेनंतर घरात घट बसले की तुम्हाला भिंती उकरता येणार नाहीत, हे मी सांगायला नको.

डागडुजी म्हणजे रंग नव्हे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोल्हापुरात परतीचा पाऊस पडतो, आणि चार महिने पाणी प्यायलेली भिंत नवरात्रापर्यंत सुकत नाही. तुमची भिंत सुकलीय का हे पेंटरला विचारू नका, तो 'हो' म्हणेल. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद घ्या, न्हाणीच्या बाजूच्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांवर लावा आणि चारी कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. थेंब बाहेरच्या बाजूला असले तर ती खोलीतली दमट हवा आहे, खिडक्या उघडल्या की जाईल. भिंतीतून ओल येत असताना पुट्टी मारून रंग दिला तर डिसेंबरात पोपडे धरतात. तोवर तुमचा व्यवहार साठेखतापर्यंत, म्हणजे खरेदीआधीच्या करारापर्यंत, आलेला असेल, आणि दुसऱ्यांदा घर बघायला आलेलं गिऱ्हाईक तो फुगा नखानं फोडून बघेल. त्या एका पोपड्यानं, तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळंच संशयात जातं.

तुमच्या घराचा गिलावा पत्रावरून तरी चुन्याचा असावा. अशा भिंतीला ऑइल पेंट अजिबात लावू नका. चुन्याची भिंत श्वास घेते, तिच्यावर तैलरंगाचा थर दिला की ओल आतच कोंडते. दर्शनी सोप्याला चुन्याचा एक हात, तोही भिंत सुकल्यावर, एवढं पुरे. खालच्या दोन-तीन फुटांत पांढरं मीठ फुटलेलं असेल तर ते कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलं तर मीठ पुन्हा आत जातं.

मग पैसे कुठं घालायचे? कौलं. फुटलेली बदला, सरकलेली बसवा, पन्हळीतला पाचोळा काढा. कारण ओलीचं मूळ निम्म्या वेळा वरच असतं. न्हाणीच्या मोरीचा वास जाईल एवढं तिचं काम करून घ्या. गळका नळ बदला. आणि रस्त्याकडचं दार. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ते उंबऱ्याला घासतं आणि आपल्याला खांद्यानं ढकलायची सवय होऊन जाते. नव्या माणसाचा ह्या घराला पहिला हात तिथंच लागतो. सुताराकडनं खालची कड तासून घ्या, बिजागरीला तेल द्या, कडी-कोयंडा घासून पुसून ठेवा. हे सगळं मिळून कोटेशनच्या फार खाली बसेल.

शिवाय तुमचं गिऱ्हाईक कोण, हे बघा. पेठेतलं जुनं घर घेणारा माणूस बहुतेक वेळा शेजारचाच असतो, ज्याला आपली जागा वाढवायची आहे. नाहीतर भाविकांसाठी चार खोल्या बांधू पाहणारा असतो. हे दोघंही तुमच्या रंगाकडं बघणार नाहीत, कारण त्यांना भिंतीच राखायच्या नाहीत. राहायला येणारं कुटुंब मिळालं तर ते आपल्या आवडीचा रंग देईल. तुमच्या दीड लाखाच्या ऑफ-व्हाइटची वाट कुणीच बघत नाहीये.

आता पुराचं. सांगायचं. आणि विचारायच्या आधी सांगायचं.

तुम्ही गप्प राहिलात म्हणून गिऱ्हाइकाला कळणार नाही, असं शुक्रवार पेठेत कसं होईल? १९८९, २००५, २०१९, २०२१ ही सालं नदीकडच्या पेठांत पोरासोरांना पाठ आहेत. कोपऱ्यावरचा पानवालाही सांगेल पाणी कुठवर होतं ते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलंय. शिवाय कायदाही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, जो दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत दिसणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

सांगायची एक रीत असते. 'हो, येतं कधी कधी थोडं पाणी' असं पुटपुटलात तर समोरचा मनात दुप्पट उंची धरतो. त्यापेक्षा एका कागदावर नीट लिहून काढा : कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेला पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, सोप्यात किती इंच चढलं, किती दिवस राहिलं, माजघरात आलं की नाही, माडीवर तुम्ही राहू शकलात का, त्यानंतर वायरिंग बदललं का, पंचनामा झाला का. सोप्यातल्या खांबावर पाण्याची रेघ अजून असेल तर ती पुसू नका, तिच्यावर रंगही देऊ नका. त्या रेघेकडं बोट दाखवून 'इथवर होतं' म्हणता आलं, तर पुराचा विषय पाच मिनिटांत संपतो आणि भावाचा सुरू होतो. भाव थोडा उतरेल, हे खरं. पण तो तसाही उतरणारच होता. फरक इतकाच, की लपवलेलं नंतर उघडं झालं तर इसार परत द्यावा लागतो आणि घर 'मोडलेल्या सौद्याचं' म्हणून पेठभर होतं.

ह्याला जोडून, घर पूररेषेत कुठं येतं ते महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी काढून घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा नव्या बांधकामाला निषिद्ध, निळ्या-लालच्या मधल्यात अटींसह परवानगी. पाडून बांधायला आलेल्या गिऱ्हाइकाचा सगळा हिशेब ह्या एका कागदावर उभा असतो. तुमचं घर निळ्याच्या बाहेर निघालं तर एजंटनं सांगितलेल्या भावावर पुन्हा बसून विचार करा, कदाचित तो कमी सांगत असेल. निळ्याच्या आत निघालं, तर बांधणाऱ्यांच्या मागं लागण्यात वेळ घालवू नका. राहायला येणारं कुटुंब शोधा.

घर दाखवायला कधी काढायचं? नवरात्राच्या आधी घराघरातली गोधड्या-चादरींसकट सगळी धुणी निघतात, माळे झाडले जातात, भांडी घासून पालथी पडतात. आपल्या बायका वर्षानुवर्षं हे करत आल्यात, आणि घर विकायच्या तयारीला ह्याहून जास्त काही लागत नाही. फक्त एक जादा करा : धुऊन-झाडून पुन्हा माळ्यावर टाकायच्या ऐवजी नको असलेलं तिथूनच बाहेर काढा. तांब्याचा बंब, फुटकी जाती, मुलांची दहावीची गाईडं, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले पत्र्याचे डबे. मोडीत जाईल ते मोडीत, रद्दीत जाईल ते रद्दीत. तसंही आर. के. नगरच्या फ्लॅटला माळा नाही.

घराचे फोटो घटस्थापनेच्या आधीच्या एखाद्या सकाळी, दारं-खिडक्या उघडून काढा. आकाशकंदील आणि लाइटच्या माळांसकट काढू नका. तुळशीच्या लग्नानंतर ते फोटो बघणाऱ्याला वाटतं, घर तेव्हापासून पडून आहे.

टीव्हीवर सांगतात की घर दाखवताना आपले फोटो, देव, खासगी वस्तू सगळं उचलून ठेवावं, म्हणजे घेणाऱ्याला स्वतःचं घर डोळ्यांपुढं आणता येतं. तिकडं चालत असेल. आपल्याकडं घर बघायला आलेली बाई चहा घेता घेता हळूच विचारते, 'घर लाभलं का तुम्हाला?' तिला ऐकायचं असतं की ह्या घरात पोरं शिकली, लग्नं झाली, म्हातारी माणसं सुखानं राहिली. तुमच्या मुलाच्या पदवीदानाचा फोटो, मुलीच्या लग्नाचा फोटो, सोप्यात बसलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, हे सगळं तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे. देवघर हलवू नका. घट बसलेले असले तर ती खोली बाहेरूनच दाखवा, कुणी वाईट वाटून घेत नाही. 'का विकताय?' ह्याचं उत्तर मात्र तिघांचंही एकच असू द्या, आणि ते खरं असू द्या : जिना झेपत नाही. एकानं जिना म्हटलं, दुसऱ्यानं पूर म्हटलं, की आलेली माणसं रस्त्यावर उतरेपर्यंत तिसरंच कारण शोधून काढतात.

नवरात्रात देवळाच्या आसपासचे रस्ते बंद असतात, गाडी लावायला जागा नसते. त्या नऊ दिवसांत बाहेरच्या माणसाला संध्याकाळी बोलावलंत तर तो गर्दी बघून 'इथं राहायचं कसं' म्हणत परत जाईल. सकाळी नऊच्या आत बोलवा. दसऱ्यानंतर दुपारी चार-पाचची वेळ चांगली, सोप्यात उन्हाची तिरीप येत असेल तर अधिकच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुणालाही घर दाखवू नका. दागिने-रोकड बाहेर काढलेली असते आणि अनोळखी माणसं माडीपर्यंत फिरतात. कागदांच्या झेरॉक्स द्याल त्यांवर आडवं 'फक्त पाहणीसाठी' लिहून द्या. मूळ कागद कुणाच्या हातात नाही, एजंटच्या तर नाहीच.

मुहूर्ताचं बोलू. दसरा, लक्ष्मीपूजन, पाडवा ह्या सरकारी सुट्ट्या. 'पाडव्याला खरेदी करू' असं ठरवून कुणी आलं तर त्याला सांगा, पाडव्याला इसार द्या, संचकारपत्राची, म्हणजे साठेखताची, नोंदणी कार्यालय उघडल्यावर करू. दीर दिवाळीला येतीलच. त्यांना भाऊबीजेनंतर दोन दिवस जादा रजा टाकायला आत्ताच सांगा, नाहीतर सहीसाठी मुंबईहून पुन्हा एक फेरी. सासूबाईंना कार्यालयाचे जिने चढणं होणार नसेल तर कारण दाखवून गृहभेटीचा अर्ज करता येतो. निबंधक घरी येऊन सही-अंगठा घेतात, वेगळी फी पडते.

इसाराची रक्कम हे फसण्याचं ठिकाण आहे. आपल्याकडं शुभ म्हणून एकवीस हजार रोख हातावर ठेवायची पद्धत. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. तेव्हा शकुनाचे अकराशे एक घ्या, देवापुढं ठेवा, पावती द्या. बाकी सगळं चेकनं किंवा आरटीजीएसनं, आणि ते अकराशे एकही संचकारपत्रात लिहा. 'थोडं वर, थोडं खाली' अशी बोली करणाऱ्या गिऱ्हाइकाला नमस्कार करा. चार वारसांच्या घरात रोख रकमेची वाटणी म्हणजे नणंद-भावजयीत आयुष्यभराची अढी.

एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त ठरली तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावचा आयकर, आधीच कापून भरेल. विकणारे चार आहेत म्हणून प्रत्येकाचा हिस्सा वेगळा धरून त्यातून सुटका होत नाही. चौघांचं पॅन लागेल. सासूबाईंचं आहे का बघा. नसेल तर टीडीएस १ च्या जागी २० टक्क्यांनी कापला जातो, आणि परतावा मागत वर्ष जातं. भांडवली नफ्याचा कर प्रत्येकाचा स्वतंत्र. घर १९७४ चं असल्यानं १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी मूल्यांककाचा दाखला घ्या. यजमानांचा हिस्सा नव्या फ्लॅटमध्ये गेला तर सवलत मिळते. ह्यापुढचं सीएकडं बसूनच करा.

राहिल्या सासूबाई. त्यांचा आग्रह व्यवहाराच्या आड येत नाही, उलट तुमच्या बाजूनं आहे. संचकारपत्रात ताबा देण्याची तारीख स्पष्ट लिहून घ्या, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली वगैरे. दिवाळीत घर बघणाऱ्या गिऱ्हाइकाला लगेच ताबा नकोच असतो. कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि पौषात सहसा कुणी गृहप्रवेश करत नाही, म्हणजे तुम्हाला सामान हलवायला सवड मिळते. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक ठरलं नाही तरी भाव पाडू नका. तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्ष संपेपर्यंत चौकश्या चालू राहतात, आणि पाडव्याला घाईनं 'जाऊ दे' म्हणून दिलेल्या भावाची हळहळ पुढं चार हिस्सेदारांत चार वाटांनी निघते.

गडहिंग्लजची एसटी सकाळची धरायला सांगा यजमानांना. जावई दुपारच्या जेवणाला घरी असतील असा दिवस बघा, आणि जाताना १९७४ च्या खरेदीपत्राची झेरॉक्स सोबत न्या.